तार ओढत नाही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलं आहे, "तू जन्मभर रेल्वेच्या विजेचं काम केलंस, तर मुलांना विज्ञानाचं चार शब्दांत काहीतरी सांग. मात्र लांबवू नकोस, खाली पंगत मांडलेली आहे." त्यामुळे पोटाला धरून बोलतो.

आपल्या गावाचं नाव दिवा. आपण शाळेत होतो तेव्हा या नावावरून बाहेरचे लोक आपली थट्टा करायचे, कारण दिव्यातच दिवे नसायचे. कंदिलाच्या काचा पुसून अभ्यास केलेले कितीतरी जण इथे बसलेत. पण एक गोष्ट त्या वेळीही खरी होती. घरात वीज नसली, तरी रुळांवर होती. रात्री लोकल गेली की पँटोग्राफजवळ निळी ठिणगी उडायची आणि क्षणभर आजूबाजूची झोपडी, झाडं, खाडीकडची वाट सगळं उजळून निघायचं. आज मी त्याच तारेबद्दल बोलणार आहे. आणि ती समजून घ्यायची तर प्रभार, विद्युतबल आणि विद्युतक्षेत्र या तीन शब्दांशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागेल. सातवीत 'स्थितिक विद्युत' शिकलो होतो, तिथेच परत जाऊ.

आधी थोडा इतिहास. १८५३ मध्ये पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. म्हणजे आपल्या भागातून आगगाडी जाऊ लागली त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला, व्हीटी ते कुर्ला, हार्बरच्या मार्गाने. तारेतला दाब होता १५०० व्होल्ट, तोही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. पुढे काही वर्षांत ही वीज कल्याणपर्यंत आणि तिथून दोन्ही घाटांत गेली. त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर उभारलं, ते चोळा पॉवर हाऊस. आपल्यातल्या काहींचे वडील तिथे कामाला होते. आता ते बंद आहे.

ही १५०० व्होल्टची व्यवस्था जवळपास नव्वद वर्षं टिकली. मग टप्प्याटप्प्याने बदल झाला आणि जून २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा डीसी टप्पाही संपला. आज तारेत २५,००० व्होल्ट एसी असतात. कारण साधं आहे. तेवढीच ताकद जास्त व्होल्टने पोचवली, तर तारेतून प्रवाह कमी न्यावा लागतो. तार कमी तापते, वीज कमी वाया जाते, उपकेंद्रं कमी लागतात, आणि पंधरा डब्यांच्या गाड्या चालवता येतात. हा बदल झाला तेव्हा गाडी थांबली नाही, तारेचा रंग बदलला नाही, खांबही बहुतेक तेच राहिले. खालून पाहणाऱ्याला काहीच कळलं नाही. मात्र तारेतला दाब सोळा-सतरा पट झाला होता.

आता मुद्द्यावर येतो. मी ओव्हरहेड तारेच्या विभागात ३१ वर्षं काढली. त्या काळात एका यार्डात, कुठल्या ते सांगत नाही, संक्रांतीच्या आदल्या दिवशी नववीतला एक मुलगा उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढला. पतंग अडकला होता. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्याचे तीन मित्र रुळांशेजारी थरथरत उभे होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "त्याने तारेला हात लावलाच नव्हता." थोड्या वेळाने त्याची आई आली. तिने मला विचारलं, "साहेब, पोरं खोटं बोलणार नाहीत. हात लावला नाही, तर मग तारेनं ओढलं का त्याला?"

पोरं खरंच खोटं बोलत नव्हती. त्याने हात लावला नव्हता. आणि तारेने त्याला ओढलंही नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे ज्याला समजलं तो मुलगा डब्यावर चढणार नाही, असं मला वाटतं. म्हणून आजचा विषय.

खिशात कंगवा आहे का कुणाच्या? आमच्या तुकडीतल्या पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही. मुलांकडे असेल. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा दहा-बारा वेळा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतात. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत सकाळी करा. जुलैत केलात तर फसेल, कारण आपल्याकडे खाडीची दमट हवा असते आणि कंगव्यावर जमलेला प्रभार ओलाव्यावाटे निघून जातो. प्रयोग फसला म्हणजे पुस्तक खोटं, असं समजू नका. हवामान बघा.

या कंगव्यात काय झालं? प्रत्येक पदार्थाच्या अणूत दोन प्रकारचे प्रभार असतात. प्रोटॉनवर धन, इलेक्ट्रॉनवर ऋण. दोन्ही मोजून सारखे, म्हणून वस्तू एरवी उदासीन असते. घासल्यावर केसांवरचे थोडे इलेक्ट्रॉन कंगव्यावर येतात. कंगवा ऋणप्रभारित होतो, केस धनप्रभारित होतात. नवा प्रभार तयार झाला नाही, असलेला इकडचा तिकडे गेला. किराणा दुकानातल्या हिशोबासारखं आहे. एकाच्या खात्यातून गेले तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात आले, एकूण बेरीज तीच. प्रभार निर्माण होत नाही आणि नाहीसाही होत नाही, हा निसर्गाचा नियम. आजवर त्याला एकही अपवाद सापडलेला नाही.

सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात, विरुद्ध प्रभार जवळ ओढतात. किती जोराने, ते फ्रान्सच्या कूलोम नावाच्या इंजिनिअरने १७८५ मध्ये बारीक तारेला पीळ देऊन मोजलं. प्रभार दुप्पट केला की बल दुप्पट. अंतर दुप्पट केलं की बल एक चतुर्थांश. अंतर तिप्पट, तर बल एक नवमांश. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: जवळ गेलं की बल भराभर वाढतं.

हे बल किती मोठं असू शकतं? प्रभाराचं एकक कूलोमच्याच नावाने आहे. एक कूलोम म्हणजे जवळजवळ ६२४ वर सोळा शून्यं, इतके इलेक्ट्रॉन. समजा, एक-एक कूलोमचे दोन प्रभार एकमेकांपासून एक मीटरवर धरून ठेवता आले, तर त्यांच्यातलं बल ९०० कोटी न्यूटन येतं. म्हणजे सुमारे नऊ लाख टन वजन. पाच हजार टनांची भरलेली मालगाडी धरा. अशा १८० मालगाड्या एकावर एक रचल्यासारखं. अर्थात असे प्रभार कुणालाच धरून ठेवता येत नाहीत, हवाच फुटते. कंगव्यावर जमतो तो प्रभार कूलोमच्या कोट्यवधीव्या हिश्शाएवढा असतो. तरी बघा, कागदाच्या कपट्याला खाली सगळी पृथ्वी ओढते आहे आणि वर आहे दहा रुपयांचा कंगवा. जिंकतो कंगवा.

इथे हुशार मुलं विचारतील, मोबाइल चार्ज होताना दोन अँपिअरचा प्रवाह वाहतो, म्हणजे दर सेकंदाला दोन कूलोम. मग वायर का फुटत नाही? कारण वायरीतून जेवढे इलेक्ट्रॉन पुढे जातात तेवढेच मागून येतात, आणि त्यांच्याशेजारी तांब्याचे धनप्रभार जागच्या जागी असतातच. एकूण बेरीज शून्य. प्रभाराचं वाहणं वेगळं आणि एका जागी जादा साठणं वेगळं.

आता कपट्याकडे परत या. कागद तर उदासीन होता, त्याला आपण घासलं नव्हतं. मग तो ओढला का गेला? ऋणप्रभारित कंगवा जवळ आला की कागदातले इलेक्ट्रॉन जरासे पलीकडे सरकतात. कंगव्याकडची बाजू किंचित धन होते, पलीकडची किंचित ऋण. धन बाजू जवळ आहे, म्हणून ओढ जास्त. ऋण बाजू दूर आहे, म्हणून लोटणं कमी. वजाबाकी करून उरते ती ओढ. न शिवता, नुसत्या जवळ असण्याने प्रभारांची अशी फारकत होते, तिला प्रवर्तन म्हणतात.

न शिवता हे होतं तरी कसं? कूलोमच्या काळातले लोक म्हणत, एक प्रभार लांबून दुसऱ्यावर बल लावतो, एवढंच. मायकेल फॅरडेला ते पटेना. हा लोहाराचा मुलगा. शाळेत जेमतेम वाचायला-लिहायला शिकला आणि पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचून त्याने विज्ञान शिकलं. त्याला गणित फारसं येत नव्हतं, म्हणून त्याने चित्र काढलं. तो म्हणाला, प्रभाराभोवतीची जागाच बदललेली असते. प्रभारातून रेषा निघतात आणि सगळ्या अवकाशात पसरतात. दुसरा प्रभार तिथे येवो न येवो, त्या रेषा असतातच. या बदललेल्या जागेला आपण विद्युतक्षेत्र म्हणतो. पुढे मॅक्सवेलने त्याला गणित दिलं, पण चित्र फॅरडेचं. गरिबीमुळे शिक्षण अर्धवट राहिलेले आपल्या वर्गात कमी नव्हते. त्यांच्या मुलांनी हा माणूस जरूर वाचावा.

क्षेत्र म्हणजे काय, हे आपल्या गावच्या भाषेत सांगतो. कोळीवाड्यात सुकट वाळत घातलेली असते. ती दिसायच्या आधी वळणावरच तुम्हाला कळतं. जवळ जाल तसा वास वाढतो. तुम्ही तिथे गेलात म्हणून वास तयार झाला, असं होत नाही. तो तिथे होताच, नाक आल्यावर कळला. विद्युतक्षेत्र तसंच असतं. फरक दोन. वासाला हवा लागते, क्षेत्राला काहीच लागत नाही. आणि वास आपल्याला येतो, विद्युतक्षेत्र ओळखायला माणसाला नाक दिलेलं नाही. हा दुसरा फरक जीवघेणा आहे.

क्षेत्र मोजायचं एकक व्होल्ट प्रति मीटर. मोकळ्या मैदानात निरभ्र दिवशीसुद्धा जमिनीलगत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर इतकं नैसर्गिक क्षेत्र असतं. आपल्याला पत्ताही नसतो. हवा ही चांगली विद्युतरोधक आहे, तोवर काही बिघडत नाही. पण हवेचीही सहनशक्ती संपते. क्षेत्र सुमारे ३० लाख व्होल्ट प्रति मीटर, म्हणजेच दर सेंटिमीटरला ३०,००० व्होल्ट झालं, की हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, ते दुसऱ्या अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि एका क्षणात हवा विद्युतरोधक राहत नाही, वाहक होते. ती ठिणगी. आपल्या लहानपणी पँटोग्राफजवळ उडणारा निळा प्रकाश तोच.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. तार माणसाला ओढते का? हिशोब करू. विद्युतक्षेत्र एखाद्या पृष्ठभागावर जी ओढ लावतं, ती क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते. हवा फुटायच्या आधी क्षेत्र जास्तीत जास्त ३० लाख व्होल्ट प्रति मीटर होऊ शकतं. तेवढ्या क्षेत्रात दर चौरस मीटरला ओढ येते फक्त ४० न्यूटन. तळहाताएवढ्या जागेवर ती येते पन्नास-साठ ग्रॅम वजनाएवढी. एका मध्यम अंड्याचं वजन! एवढ्या ओढीने कागदाचा कपटा उडेल, पतंगाची शेपटी हलेल, माणूस ओढला जाणार नाही. यापेक्षा जास्त ओढ लावायची तर क्षेत्र वाढवावं लागेल, आणि ते वाढायच्या आधीच हवा फुटते.

म्हणजे आपल्या भागात लहानथोर सगळे जे म्हणतात, "पंचवीस हजारची तार माणसाला खेचून घेते," ते खरं नाही. मग बघणाऱ्यांना तसं का दिसतं? ठिणगी पडून शरीरातून प्रवाह गेला की सगळे स्नायू एकदम आकसतात. माणूस झटका खाऊन तारेकडे जातो किंवा दूर फेकला जातो. बघणाऱ्याला वाटतं, तारेने ओढलं किंवा फेकलं. प्रत्यक्षात ते त्याच्याच स्नायूंचं काम असतं.

तार ओढत नाही, हे ऐकून कुणाला हायसं वाटलं असेल, तर थांबा. मला नेमकं उलटं सांगायचं आहे. तार ओढत असती, तर बरं झालं असतं. मुलाला ओढ जाणवली असती, भीती वाटली असती, तो मागे सरला असता. समुद्रात पाण्याची ओढ लागली की माणूस सावध होतो. इथे तसं काही होत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत सगळं शांत असतं. एका क्षणी हवा विद्युतरोधक असते, पुढच्या क्षणी नसते. ओढीची वाट बघत जो पुढे सरकतो, त्याला इशारा मिळतच नाही.

किती जवळ गेल्यावर हवा फुटते? २५,००० व्होल्ट एसी म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा वरखाली होणारा दाब, आणि त्याचं शिखर सुमारे ३५,००० व्होल्टला जातं. दोन सपाट गुळगुळीत पत्रे असतील, तर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास ठिणगी पडेल. पण माणूस सपाट पत्रा नाही. टोकदार वस्तूवर प्रभार टोकाशी गर्दी करतो, जशी आपली गर्दी जिन्याच्या तोंडाशी होते, आणि तिथलं क्षेत्र कितीतरी वाढतं. बोटाचं टोक, छत्रीचं टोक, सळई ही सगळी टोकं. त्यात घाम, पाऊस, धूळ, दव. मग ठिणगी आणखी लांबून पडते. आणि एकदा ती पडली की तापलेल्या हवेची वाहक वाट तयार होते. माणूस मागे पडला, तरी ती वाट लांबत काही अंतर त्याच्याबरोबर जाते.

म्हणून रेल्वेचा नियम आहे: २५,००० व्होल्टच्या तारेपासून किमान दोन मीटर दूर. काही मुलं मला विचारतात, ठिणगी काही सेंटिमीटरवर पडते, तर नियम दोन मीटरचा का? कारण नियम माणसासाठी आहे, पुतळ्यासाठी नाही. माणूस घसरतो, तोल जाताना हात वर टाकतो, हातात काठी असते, तार वाऱ्याने हलते, पुलाखाली ती आणखी खाली आलेली असते. त्या दोन मीटरमध्ये हे सगळं धरलेलं आहे.

आता आपल्या यार्डातला हिशोब करू. तार रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. मालगाडीचा उघडा डबा सव्वातीन मीटर उंच. त्यावर दीड मीटरचा मुलगा उभा राहिला, की डोकं पावणेपाच मीटरवर. तार उरली पाऊण मीटर. त्याने हात वर केला, की संपलं. बंद डबा चार मीटरच्या आसपास असतो. त्यावर तर नुसतं ताठ उभं राहणंच पुरे. म्हणजे कुठल्याही डब्यावर चढलेला माणूस पहिल्या पावलापासून दोन मीटरच्या आत आहे. तिथे 'जपून चढणं' नावाची गोष्ट नाही.

माझ्या वयाच्या मित्रांना इथे काही सांगायचं आहे. आपल्या तरुणपणी लोक लोकलच्या टपावर बसून जायचे. तेव्हाही माणसं मेली, खूप मेली. पण १५०० व्होल्टला ठिणगी एक मिलिमीटरही ओलांडत नाही, त्यामुळे बहुधा तारेला किंवा पँटोग्राफला शिवल्यावरच घात व्हायचा. त्यातून 'हात लावला नाही तर काही होत नाही' ही समजूत आपल्या डोक्यात बसली. २०१५ नंतर ती समजूत जुनी झाली, पण घराघरांत सांगितली जाते अजून तीच. नातवंडांना आपल्या टपावरच्या गमती सांगताना एवढं वाक्य जोडा की, ती तार आता राहिलेली नाही.

दुसरी समजूत, 'वीज बंद केली की तार मेली.' आम्ही तारेवर काम करायला जायचो तेव्हा वीज बंद केल्याचं लेखी परमिट हातात आल्यावरसुद्धा तारेला हात लावत नसू. आधी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावायचे. दांड्याची केबल प्रथम रुळाला जोडायची, मग दांडा तारेला अडकवायचा. काढताना उलट क्रम. का? शेजारच्या मार्गावरची तार चालू असते. तिच्या क्षेत्रामुळे बंद तारेतही प्रवर्तनाने दाब तयार होतो. कंगव्याने कपट्याला न शिवता जे केलं, तेच. कपट्यावर गंमत होते, इथे माणूस जातो. शिवाय बिघाडाने गेलेली वीज तपासणीसाठी काही क्षणांत पुन्हा सोडली जाते. म्हणून तुटून लोंबणारी तार दिसली, तर ती जिवंतच समजायची.

तिसरी समजूत रबरी चपलांची. घरातल्या विजेच्या बाबतीत कोरडी रबरी चप्पल थोडा आधार देते. २५,००० व्होल्टसमोर तिच्यावर विसंबणं म्हणजे पुरात कागदाची होडी. आणि हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो.

मग रोज लाखो लोक याच तारेखालून लोकलने जातात, ते सुरक्षित कसे? याचंही उत्तर फॅरडेनेच दिलं. १८३६ मध्ये त्याने बारा फुटांची एक खोली धातूने मढवली, तिला बाहेरून जबरदस्त प्रभार दिला आणि स्वतः उपकरणं घेऊन आत बसला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत क्षेत्र शून्य. धातूतले इलेक्ट्रॉन असे सरकतात की आतलं क्षेत्र पुसलं जातं. आपला लोकलचा डबा म्हणजे अशीच लोखंडी खोली, आणि ती चाकांवाटे रुळांना जोडलेली. आत तुम्ही फॅरडेसारखे सुरक्षित आहात, टपावर नाही. पावसात वीज कडाडताना मोटारीत काचा लावून बसणं सुरक्षित, तेही याच कारणाने. आणि खाडीच्या उघड्या बांधावर किंवा शेतात आपणच सगळ्यांत उंच टोक असतो, म्हणून ढग गडगडू लागला की पक्क्या घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात विजा जास्त होतात, तेव्हा होडीवर जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

फाटकांवर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंचीची लोखंडी कमान असते, ती याच क्षेत्रासाठी. गणपतीची उंच मूर्ती, मंडपाचे बांबू, डीजेचा ट्रक यांना ती कमान अडते, तेव्हा कार्यकर्ते चिडतात आणि काठीने तार वर उचलायचा विचार करतात. कृपा करून असं कुणालाही करू देऊ नका. ओला बांबू वाहक असतो.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्यासाठी थोडक्यात. पतंग तारेत अडकला, तर तो गेला. धातूचा लेप असलेला मांजा तर विकतही घेऊ नका, तो तारेपासून तुमच्या बोटापर्यंत सरळ रस्ता आहे. उभी मालगाडी कधी डब्यावर चढून ओलांडायची नाही, आणि खालूनही नाही. सेल्फीची काठी, मासे पकडायची गळाची काठी, सळई, पाइप रुळांजवळ आडवं धरून न्या. कुणाला शॉक लागला, तर धावत जाऊन त्याला धरू नका. स्टेशन मास्तरला सांगा किंवा १३९ ला फोन करा, आणि वीज बंद झाल्याचं रेल्वेचा माणूस सांगेपर्यंत लांब राहा. मित्राला वाचवायला गेलेला दुसरा मुलगाही जातो, हे मी पाहिलं आहे.

शेवटी आमच्या तुकडीच्या वतीने एक विनंती. दरवर्षी संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात शाळेत एक तास या विषयासाठी ठेवावा. हवा कोरडी असते, कंगव्याचा प्रयोग नक्की जमतो. सातवीच्या प्रत्येक मुलाने तो स्वतः करावा, आणि लगेच त्याच तासात यार्डाचा उंचीचा हिशोब फळ्यावर मांडावा. खर्च म्हणाल तर काही कंगवे आणि जुनं वर्तमानपत्र. आमच्यातले निवृत्त झालेले आम्ही चार-पाच जण पाळीपाळीने यायला तयार आहोत. बाईंनी होकार दिला, तर या जानेवारीपासूनच सुरुवात करू.

ज्या बाईंनी आणि सरांनी फळकुटाच्या भिंतींच्या वर्गात, घामाने ओल्या झालेल्या खडूने आम्हाला विज्ञान शिकवलं, त्यांना नमस्कार करतो.  आता जेवायला चला.